गाडी आपली, भाडं कुणाचं? : ट्रकचालक मालक का होतो

(धनंजयराव गाडगीळ यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



धनंजयराव गाडगीळांचं नाव घेतलं की गोखले अर्थशास्त्र संस्था आठवते, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आठवतो, राज्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या मदतीचं ‘गाडगीळ सूत्र’ आठवतं. त्यांच्या एका जुन्या कामाची आठवण मात्र क्वचितच निघते. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांमधल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी त्यांनी एल. व्ही. गोगटे यांच्यासोबत केली आणि १९३५ साली गोखले संस्थेनं ती प्रसिद्ध केली. धुळीच्या रस्त्यांवर नुकता रुजणारा मोटारधंदा हा अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी त्या काळात ओळखलं होतं. म्हणून त्यांच्या नावानं होणाऱ्या या व्याख्यानात रस्त्यावरच्या माणसाबद्दल बोलणं मला उचित वाटतं.

त्या काळी मोटारधंदा बहुतांशी एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती होता. पुढे प्रवासी वाहतुकीचं चित्र पालटलं. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. एसटीच्या ड्रायव्हरला पगारश्रेणी मिळाली, रजा मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, संघटना मिळाली. मालवाहतूक मात्र खासगी हातांतच राहिली. देशातल्या ट्रकांचा मोठा हिस्सा आजही पाचांहून कमी गाड्या बाळगणाऱ्या मालकांकडे आहे. त्यांतले पुष्कळ जण पूर्वी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, आणि पुष्कळ जण आजही स्वतःची गाडी स्वतःच चालवतात.

अशा माणसांचे हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. ट्रान्सपोर्टनगरात त्यांच्या बिल्ट्या, डिझेलच्या पावत्या, टोलचे उतारे आणि कर्जाचे हप्ते माझ्या टेबलावर येत राहिले. महिन्याला पगार घेणारा माणूस तो पगार सोडून डोक्यावर कर्ज का घेतो, हा प्रश्न मला त्या कागदांनीच घातला. आज मी त्याचं उत्तर मांडणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ट्रकचालक श्रीमंत व्हायला गाडी घेतो, हा समज अपुरा आहे. त्याच्या नोकरीत वर चढायला पायरी नाही. धंद्यातली जोखीम मात्र तो नोकरीत असतानाच अंगावर वागवत असतो. गाडी घेतो तेव्हा त्या जोखमीच्या बदल्यात तो अधिकार मागतो. तो अधिकार त्याला अर्धाच मिळतो, कारण गाडी त्याची झाली तरी भाडं त्याचं होत नाही. हे उरलेलं अर्धं मिळवून देणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. ते समाजाचं आणि कायद्याचं काम आहे.

नोकरी आहे, पायरी नाही

कचेरीत शिपाई म्हणून लागलेला माणूस कारकून होऊ शकतो. कारखान्यातला हेल्पर फिटर होतो, फिटर सुपरवायझर होतो. ट्रकवर चढणारा मुलगा क्लीनर म्हणून सुरुवात करतो. काच पुसतो, टायरमधली हवा बघतो, ताडपत्री बांधतो, रिव्हर्सला मागे उभा राहून हात दाखवतो. मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देतो. मग हेवी लायसन निघतं आणि तो ड्रायव्हर होतो. तिथंच त्याची बढती संपते. पंचविसाव्या वर्षी जी सीट असते, तीच पंचेचाळिसाव्या वर्षी असते. बोरघाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, कोणत्या आवाजावरून बेअरिंग गेलं हे ओळखायचं, पावसात कसाऱ्याच्या वळणावर मागचा लोड कसा सांभाळायचा, हे सारं ज्ञान वाढत जातं. त्या ज्ञानाची किंमत पगारात उतरत नाही.

पगाराची रीतही बघा. कुणाला थोडा मासिक पगार आणि वर ट्रिपचा भत्ता, कुणाला नुसता ट्रिपवर हिशेब. म्हणजे गाडी फिरली तर पैसा. कारखान्याच्या गेटबाहेर गाडी दोन दिवस उभी राहिली, तर ते दोन दिवस कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. ड्रायव्हर त्या वेळात झोपलेला नसतो. नंबर पुढे सरकला की गाडी पुढे घ्यायची, डिझेल आणि माल राखायचा, गेटवरच्या माणसाची मर्जी सांभाळायची. हे कामच आहे, पण त्याची गणती विश्रांतीत होते.

कायदा नाही असं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, साप्ताहिक सुट्टी सांगितली होती. परंतु तो पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता. दोन गाड्यांच्या मालकाकडे दोन ड्रायव्हर आणि एखादा क्लीनर. तो कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिला. ज्या धंद्याची रचनाच लहान मालकांची आहे, त्या धंद्यासाठी असा उंबरा ठेवला, की कायदा कागदावर राहतो आणि माणूस रस्त्यावर.

महाराष्ट्रात हा विरोधाभास अधिक बोचतो. हमालांसाठी आपण १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी त्यासाठी हाडाची काडं केली. मंडळं झाली, लेव्ही ठरली, मजुरीची नोंद होऊ लागली. त्याचा लाभ प्रत्येक हमालापर्यंत पोचला असं मी म्हणणार नाही, पण हक्काची चौकट उभी राहिली. वाशीच्या बाजारात नोंदणीकृत माथाडी ज्या गाडीतून पोती उतरवतो, त्या गाडीचा ड्रायव्हर दोन हातांवर उभा असतो आणि त्याच्यासाठी असं कोणतंही मंडळ नाही. उलट वाराईचे, म्हणजे मालाच्या चढ-उताराचे, पैसे कुणी द्यायचे यावरून वर्षानुवर्षं चालत आलेल्या वादात व्यापारी आणि हमाल यांच्या मधे तोच सापडतो.

आता जबाबदारीकडे येऊ. माल किती भरायचा हे मालक आणि व्यापारी ठरवतात. जादा वजनासाठी गाडी अडली की खाली उतरून हात जोडतो ड्रायव्हर. जादा मालाला दंड भरून मोकळीक देण्याची पद्धत चालू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००५ मध्ये बजावलं. तरी सगळा जादा भार काही रस्त्यावरून उतरला नाही. पोत्यांमध्ये घट आली, ताडपत्रीतून पाणी झिरपलं, रात्री स्टेपनी चोरीला गेली, तर शॉर्टेज पुष्कळदा ड्रायव्हरच्या खात्यावर पडतं. घाटात गाडी बंद पडली तर मध्यरात्री निर्णय त्यानंच घ्यायचा. गाडी वेळेत पोचली तर श्रेय कंपनीचं, बिघडलं तर दोष त्याचा.

जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून उतरले, ते यामुळेच. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर कळवल्याशिवाय पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. अपघातात जखमी झालेल्याला टाकून जाणं याचं समर्थन कुणीही करणार नाही, मीही करत नाही. पण थांबलो तर जमाव मारेल आणि निघालो तर कायदा पकडेल, ही भीती त्या माणसांच्या मनात खरी होती. सरकारनं वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय ते कलम लावणार नाही असं सांगितलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या संपात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा शहरांना हा माणूस दिसला. त्याच्या मनातला हिशेब तेव्हा कुणी विचारला नाही. मी विचारला होता. त्यातल्या अनेकांनी एकच गोष्ट सांगितली: मरायचं तर निदान स्वतःच्या गाडीसाठी मरू.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. पूर्वी मालक ट्रिपला ठरावीक रोकड द्यायचा. टोल, डिझेल, जेवण, किरकोळ दुरुस्ती त्यात भागवायची. नीट चालवून, वेळ सांभाळून ड्रायव्हर त्यात चार पैसे वाचवायचा. त्यात काही गैर मार्गही होते, पण काटकसरीचं बक्षीसही होतं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, डिझेलसाठी कार्ड आलं, गाडीला जीपीएस बसलं. यातली प्रत्येक गोष्ट मालकाच्या दृष्टीनं योग्य आहे. पण रोकड गेली तेव्हा त्या बदल्यात पगार पुरेसा वाढला नाही. त्यामुळे अनुभवी ड्रायव्हरपुढे दोनच वाटा उरतात. एक, हा धंदा सोडायचा. दुसरी, गाडी घ्यायची.

मालकीची वाट कुणी मोकळी केली?

ही दुसरी वाट नेहमीच इतकी मोकळी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या विक्रीला निघाल्या आणि सैन्यातून परतलेल्या कितीतरी चालकांनी त्या घेतल्या. फाळणीनंतर पंजाबातून उखडून आलेल्या कुटुंबांनी ट्रकच्या चाकांवर पुन्हा संसार उभे केले. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर लहान रस्ते वाहतूकदार अग्रक्रमाच्या कर्जात धरले गेले.

पण ड्रायव्हरला परवडणारी गाडी बहुधा जुनी असते. जुन्या गाडीला, पगाराची पावती नसलेल्या माणसाला, कर्ज देण्यास बँका कचरत. ती पोकळी खासगी सावकारांनी आणि नंतर वित्तसंस्थांनी भरली. १९७९ साली चेन्नईत सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सनं तर जुन्या ट्रकांच्या कर्जावरच आपला धंदा उभारला. त्या धंद्याचं मर्म हिशेब लिहिणाऱ्याला लगेच उमजतं. या माणसाची पत कागदावर नसते, ती गॅरेजमध्ये, टायरच्या दुकानात आणि पंपावर असते. कर्ज वसूल करणारा तिथं चौकशी करतो, आणि जामीन म्हणून दुसरा ड्रायव्हर उभा राहतो. तमिळनाडूतल्या नामक्कल आणि संकगिरी या भागात तर चालकाचा मालक होणं ही पिढ्यांची रीत झाली.

आपल्याकडे आणखी एक रीत आहे. मालक नवी गाडी काढतो आणि जुनी आपल्या विश्वासू ड्रायव्हरला हप्त्यांवर देतो. मालकाला खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं, ड्रायव्हरला ओळखीची गाडी मिळते. तिचं इंजिन कधी उघडलं, पाटे कधी बदलले, चासी कुठं वेल्डिंग केली, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जुन्या गाडीच्या बाजारात माहिती लपवण्यातच सारा नफा असतो. तिथं हा एकच गिऱ्हाईक असा, की ज्याला फसवता येत नाही.

सरकारी नियमांनीही काही दारं उघडली. २०१० च्या मे महिन्यात नॅशनल परमिटची पद्धत सोपी झाली आणि एकत्रित शुल्क भरून देशभर गाडी नेता येऊ लागली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, मुंबईची जकात संपली. प्राप्तिकराच्या कलम ४४एई नं दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अंदाजित उत्पन्न दाखवून वह्या ठेवण्याच्या कटकटीतून सोडवलं. आणि २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसनं, ज्याला गावोगाव ‘छोटा हत्ती’ म्हणतात, मालकीचा उंबरा आणखी खाली आणला. शहरातला टेम्पोचालक थोड्या भांडवलावर मालक होऊ लागला.

काय मिळतं?

मालक झाल्यावर पहिल्या वर्षी हाती येणारी रक्कम अनेकदा जुन्या पगाराहून फार मोठी नसते. माझ्या वह्या तेच सांगतात. तरी बहुतेक जण परत नोकरीकडे वळत नाहीत. का?

पहिलं कारण, त्याच्या कौशल्याला प्रथमच किंमत येते. सावकाश गिअर बदलला, टायरची हवा वेळेवर बघितली, ग्रीसिंग चुकवलं नाही, तर गाडीचं ॲव्हरेज वाढतं आणि टायर जास्त चालतो. नोकरीत ही बचत मालकाच्या खिशात जायची. आता ती त्याच्या घरी येते. वीस वर्षांत कमावलेलं ज्ञान इथं पैशात मोजलं जातं.

दुसरं कारण, त्याला नाही म्हणता येतं. हा शब्द मी मुद्दाम जपून वापरतो, कारण हप्त्याची तारीख आली की नाही म्हणणं कठीण जातं, हे मला ठाऊक आहे. तरीही गावची जत्रा आहे, मुलीची दहावीची परीक्षा आहे, आई आजारी आहे, तर गाडी चार दिवस उभी करायचा निर्णय त्याचा असतो. नुकसान त्याचं, पण निर्णयही त्याचाच. त्या चार दिवसांसाठी कुणापुढे उभं राहावं लागत नाही.

तिसरं कारण, गाडी ही मालमत्ता आहे. पगार खर्चून जातो. हप्ते फिटले की गाडी उरते. ती विकता येते, तिच्यावर पुन्हा कर्ज काढता येतं, तिच्या भरवशावर मुलाची फी भरता येते. पेन्शन नसलेल्या माणसाची हीच पेन्शन. गावात त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. काचेवर मुलीचं नाव रंगवून घेणाऱ्या माणसाला आपण हौशी म्हणतो, पण दुसऱ्याच्या गाडीवर ते नाव त्याला कधीच रंगवता आलं नसतं.

या मालकीत आणखी एक माणूस असतो, त्याचा उल्लेख कुठल्याच कागदावर नसतो. घरी बायको पावत्या जुळवते, भाड्याच्या बॅलन्ससाठी हुंडेकऱ्याला, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या दलालाला, फोन करते, हप्त्यासाठी पतसंस्थेत जाते, विम्याची तारीख लक्षात ठेवते. चालक-मालकाचा धंदा दोन माणसं चालवतात. एक रस्त्यावर असतं, दुसरं घरी.

भाडं कुणाचं?

आता दुसरी बाजू. गाडी त्याची झाली, पण माल त्याचा नाही. मालाचा पत्ता हुंडेकऱ्याकडे, ब्रोकरकडे किंवा मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीकडे असतो. कारखाना मोठ्या कंपनीशी वर्षाचा करार करतो, कंपनी ब्रोकरला गाडी मागते, ब्रोकर नाक्यावर येतो. दर हातांतून खाली उतरतो तसा बारीक होत जातो. कारखान्यानं मूळ भाडं किती दिलं, हे शेवटी गाडी लावणाऱ्याला बहुधा कळतच नाही.

एक साधं गणित धरून चालू. पुण्याहून चेन्नई सुमारे १,२०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल तर ३०० लिटर डिझेल लागतं. ९० रुपये दरानं २७,००० रुपये एका बाजूचे. डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर या एका फेरीत १,५०० रुपये जास्त. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर बाजाराकडे सोपवला गेला, आणि जून २०१७ पासून तो रोज बदलण्याची पद्धत आली. भाडं मात्र रोज बदलत नाही. मोठ्या कंपन्यांच्या करारात डिझेलच्या वाढीचं कलम असतं. नाक्यावर तोंडी ठरलेल्या भाड्यात ते नसतं. परतीचं भाडं मिळालं नाही तर रिकामी गाडीही डिझेल पितेच. म्हणून तो चेन्नईच्या बाहेर दोन दिवस थांबतो आणि शेवटी मिळेल त्या भावाला माल उचलतो. शेजारचा गाडीवालाही तेच करतो. दोघांनाही थांबणं परवडत नाही, आणि त्यामुळे दोघांचाही दर पडतो.

पैसा येण्याच्या वेळेचंही तसंच. भरताना ॲडव्हान्स मिळतो, उरलेला बॅलन्स पोच दिल्यावर. पोच पोचली तरी महिना-दोन महिने निघून जातात. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला जातो. म्हणजे लहान मालक व्याजानं पैसे काढून मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधार देतो.

धोरणही कधी कधी नकळत त्याच्यावर कोसळतं. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या दहाटायरी ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. हेतू चांगला होता, वाहतूक स्वस्त व्हावी. पण एका निर्णयासरशी रस्त्यावरच्या गाड्यांची क्षमता वाढली आणि माल तेवढाच राहिला. नव्या क्षमतेचा लाभ मालवाल्याला मिळाला. नुकतीच गाडी घेतलेल्याचा हप्ता जुना राहिला आणि भाव नवा झाला. २०२० च्या टाळेबंदीत हप्ते सहा महिने लांबवायची सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिलं. त्या वर्षी माझ्या ओळखीतल्या कितींच्या गाड्या फायनान्सच्या यार्डात गेल्या, हे आठवलं की आजही जीव तुटतो.

हे दुःख केवळ आपलं नाही. अमेरिकेत ट्रकचालकाचं मालक होण्याचं स्वप्न आपल्याहून जुनं आणि मोठं आहे. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या चालक-मालकांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. १९८० च्या मोटर कॅरिअर कायद्यानं परवान्यांची बंधनं सैल केली, नव्या गाड्या धंद्यात आल्या आणि दर घसरले. पुढे काही कंपन्यांनी ड्रायव्हरला आपलीच गाडी भाडेपट्ट्यावर द्यायची, हप्ता त्याच्या कमाईतून कापायचा आणि माल फक्त आपलाच वाहायला लावायचा, अशी पद्धत रूढ केली. कागदावर तो स्वतंत्र धंदेवाला, व्यवहारात पगार नसलेला नोकर. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं न्यू प्राइम कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की अशा स्वतंत्र म्हणवल्या जाणाऱ्या चालकांचे करारही वाहतूक कामगारांचेच करार आहेत आणि त्यांना खासगी लवादाकडे जाण्याची सक्ती करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं नेमलेल्या एका गटानं अशा भाडेपट्टा-खरेदी योजना बंद कराव्यात अशी शिफारस केली. ‘गाडी आमच्याकडून घ्या, माल आमचाच वाहा’ असे करार आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत. तिथला अनुभव आपण आधीच वाचून ठेवला पाहिजे.

एकट्याचा मालक, अनेकांची ताकद

इथं मी पुन्हा गाडगीळांकडे येतो. प्रवरानगरच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांसोबत उभं राहून त्यांनी जे केलं त्याचा गाभा काय होता? शेतकऱ्याच्या मालकीचा ऊस होता, पण भाव त्याच्या हाती नव्हता. प्रत्येकानं आपली जमीन आपल्याकडेच ठेवली, शेतं एकत्र केली नाहीत. भाव ठरण्याची जागा मात्र सगळ्यांनी मिळून आपल्या हाती घेतली. ट्रकमालकाचा प्रश्न हुबेहूब हाच आहे. गाडी त्याची राहो. भाडं ठरण्याच्या जागेवर त्याला बसायला हवं.

असा प्रयत्न हिमाचलमध्ये झालेला आहे. बरमाणा आणि दाडलाघाट इथल्या सिमेंट कारखान्यांचा माल तिथले ट्रकमालक आपापल्या सहकारी संस्थांमार्फत वाहतात. त्यांतल्या अनेकांच्या जमिनी त्याच कारखान्यांसाठी गेल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये दरावरून वाद झाला आणि कंपनीनं दोन्ही कारखाने बंद ठेवले. ६७ दिवसांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तडजोड झाली. ट्रकमालकांना दर कमी करून घ्यावा लागला. पण महत्त्वाची गोष्ट ही, की तो दर टेबलावर बसून, टनाला किलोमीटरमागे किती अशा उघड भाषेत ठरला, आणि मुख्यमंत्र्यांना मध्यस्थी करावी लागली. विखुरलेल्या नाक्यांवर ही गोष्ट घडूच शकत नाही.

या वाटेवरचा धोकाही मला दिसतो. संस्था बाहेरच्या गाडीला माल उचलू देत नसेल, तर ती दुसऱ्या गावच्या चालक-मालकाचा घास हिरावते. पंजाबात ट्रक युनियनच्या अशा मक्तेदारीच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०१७ मध्ये सरकारनं त्यांवर बंदी घातली. म्हणून संस्था हवी, पण ती दार बंद करणारी नको. दर उघड करणारी, पैसे वेळेवर वसूल करणारी, टायर-डिझेल एकत्र घेणारी आणि परतीचा माल शोधून देणारी संस्था हवी.

काही साधनं आजच हाती आहेत. लहान ट्रकमालक ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. प्राप्तिकर कायद्यातल्या तरतुदीमुळे आता वेळेत पैसे न देणाऱ्याला ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीत धरता येत नाही. अडचण एवढीच, की लहान मालकाचं गिऱ्हाईक बहुधा कारखाना नसतो, मधला ब्रोकर असतो, आणि एकट्यानं कायद्याचं नाव काढलं तर उद्या त्याला गाडी लावायला बोलावत नाहीत. म्हणूनच कायदा आणि संघटना यांची सांगड घालावी लागते.

तीन मागण्या

पहिली मागणी, भाडं लेखी ठरावं. बिल्टीवर भाडं, त्या दिवसाचा डिझेलचा दर, वाढीचं सूत्र आणि ठरावीक तासांनंतर गाडी उभी राहिल्यास द्यायचा हॉल्टिंगचा दर स्पष्ट लिहिलेला असावा. वाट पाहण्याला किंमत लागली, की कारखाने आपोआप लवकर गाड्या खाली करतील.

दुसरी मागणी, कामगारसंख्येचा उंबरा काढा. ड्रायव्हर एका गाडीच्या मालकाकडे असो की शंभर गाड्यांच्या, त्याचे तास मोजले जावेत, त्याला नेमणूकपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी मिळावा. लहान मालकाला हे एकट्याला झेपणार नाही, हे मी जाणतो. माथाडी मंडळाचा नमुना आपल्यापुढे आहे. प्रत्येक बिल्टीमागे मालवाल्याकडून लेव्ही घेऊन चालकांसाठी कल्याण मंडळ उभारता येईल, आणि स्वतःची गाडी चालवणारा मालकही त्याचा सभासद होऊ शकेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. ही चांगली गोष्ट आहे. पण गार केबिनमध्ये बसलेला माणूस सोळा तास जागाच राहणार असेल, तर आपण अर्धंच काम केलं.

तिसरी मागणी, राज्यानं चालक-मालकांच्या सहकारी संस्थांना आरंभीचं भांडवल आणि सरकारी मालाची वाहतूक द्यावी. रेशनचं धान्य, खतं, शालेय पुस्तकं यांची वाहतूक अशा संस्थांमार्फत झाली, तर वर्षभराचं ठरलेलं काम मिळेल आणि संस्था पायावर उभी राहील.

काही जण विचारतील, ड्रायव्हरची नोकरी इतकी चांगली केली तर मालक व्हायला कोण जाईल? माझं उत्तर सरळ आहे. ज्याला धंदा करायचा आहे, जोखीम आवडते, ज्याच्याकडे ते डोकं आहे, तो जाईल. आज मालक होणाऱ्या पुष्कळांना पर्याय नसतो म्हणून ते होतात. नोकरीतल्या अपमानापासून पळण्यासाठी घेतलेलं कर्ज हे स्वातंत्र्य नव्हे. आज वीस वर्षं गाडी चालवलेला बाप मुलाला म्हणतो, काहीही कर पण या लाइनीत येऊ नकोस. आणि दुसरीकडे मालक म्हणतात, ड्रायव्हर मिळत नाहीत. ही दोन वाक्यं एकाच कारणातून निघतात.

मित्रहो, ट्रकचालक मालक का होतो, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: तो आपल्या श्रमाचा आणि ज्ञानाचा हिशेब स्वतःच्या हाती घेऊ पाहतो. ही आकांक्षा अत्यंत रास्त आहे आणि तिला साथ देणं आपल्या हिताचंही आहे, कारण आपल्या घरातला प्रत्येक दाणा, प्रत्येक वीट आणि औषधाची प्रत्येक बाटली कधीतरी त्याच्या गाडीत होती. गाडगीळांनी शेतकऱ्याला भाव ठरवायच्या टेबलावर बसवण्यासाठी आयुष्य वेचलं. ट्रकचालकासाठी तीच खुर्ची मागणं आपल्या पिढीचं काम आहे, आणि ते माथाडी मंडळाचा कायदा करून दाखवलेल्या महाराष्ट्रानं आधी करावं, असं मला मनापासून वाटतं.